बारा पिवळ्या रेघा

(ट्रकवर जड मशिनं बसवून देणाऱ्या वर्कशॉपचं ऑफिस. सकाळचे सव्वाअकरा. सून इथली डिझायनर, सासरे इथले हेडमिस्त्री. धाकटा मुलगा, म्हणजे तिचा दीर, हॉस्पिटलला पोचवायचा पाच टनांचा जनरेटर चढवलेला ट्रक घेऊन आठ वाजताच निघाला आहे.)

सून: ही रेघ माझी नाही, बाबा.

सासरे: रेघेवर काय नाव लिहिलेलं असतं? पिवळी आहे, सरळ आहे, झालं की.

सून: तेच म्हणतेय. सरळ आहे. माझी कधी सरळ येते का? ट्रकखाली उताणी पडून, मानेखाली पोतं घेऊन, नेलपॉलिशच्या ब्रशने मारते मी. हा परवाचा फोटो बघा, चाचणीला गाडी नेण्याआधीचा. जनरेटर चेसिसला आवळणाऱ्या बारांतला सातवा बोल्ट. रेघ जाडी आहे आणि शेवटाला ओघळ आलाय. हा आज सकाळचा फोटो. बोल्ट तोच. ओघळ कुठे गेला?

सासरे: पंखा बंद कर आधी तो. त्याच्या घरघरीत काही कळत नाही. काय गेलं?

सून: ओघळ. रंगाचा ओघळ.

सासरे: पडला असेल. काल चाळीस किलोमीटर खडीच्या रस्त्यावरून हाणली गाडी.

सून: ओघळ पडला आणि रेघ पट्टीने आखल्यासारखी बारीक झाली? बाराच्या बारा?

सासरे: तुझं काय म्हणणं आहे ते एकदा सरळ सांग ना. सकाळपासून फोनमध्ये डोकं घालून बसलीयस.

सून: या रेघा कुणी मारल्या?

सासरे: मी.

सून: कधी?

सासरे: काल संध्याकाळी. चाचणीहून आली, धुतली. तुझ्या रेघा तिरक्यातारक्या झाल्या होत्या, काही तुटल्या होत्या. हल्ली गिऱ्हाईक वाकून बघतं. म्हटलं, नवी कोरी गाडी आणि पोटाला हे गिरगटलेलं. काळ्या रंगाचा एक हात फिरवला, वर सरळ रेघा ओढल्या. अगं, वीस वर्षं नंबरप्लेटा रंगवल्यात मी. माझा हात हलत नाही.

सून: तुटल्या होत्या म्हणजे कशा? नटावरचा तुकडा एकीकडे आणि चेसिसवरचा दुसरीकडे?

सासरे: आता एवढं कुणी बघितलंय!

सून: आठवा, बाबा. किती होत्या अशा?

सासरे: तीन. चार असतील.

सून: कुठल्या बाजूच्या?

सासरे: डिझेलच्या टाकीकडच्या.

सून: अरे देवा. सात ते बारा.

सासरे: देवाला कशाला उठवतेस? खडे उडतात खालून, रंगाचे टवके जातात. रेघ तुटली म्हणजे बोल्ट तुटला का?

सून: बोल्ट तुटला नाही, नट फिरला. एकच रेघ नटावरून निघून चेसिसवर जाते ती एवढ्यासाठीच. नट केसभर जरी फिरला तरी रेघेचे दोन तुकडे होतात आणि लांबून दिसतं. ती शोभेची नाही हो! तुम्ही रेघ सरळ केलीत. नट तसाच राहिला.

सासरे: थांब. थांब जरा. मला शिकवू नकोस. नुसता रंग मारून मी गाडी सोडेन असं वाटलं तुला? रंगाआधी हातोडीने वाजवले मी. बाराच्या बारा. खणखणीत. या वर्कशॉपात कागद आला तो तुझ्याबरोबर, पाच वर्षांपूर्वी. त्याआधी पस्तीस वर्षं या कानाने बोल्ट पास केलेत. अग्निशमनचे पंप केले, बोअरची मशिनं केली, क्रेन केल्या. एक तरी परत आली?

सून: नाही आली.

सासरे: मग!

सून: एक विचारू? जनरेटरच्या पायाखाली, जिथे तो चेसिसवर टेकतो तिथे, मी ड्रॉइंगवर चौकोन करून लिहिलं होतं, ‘इथे रंग नको.’ ती जागा कोरी ठेवलीत ना?

सासरे: उघडं लोखंड ठेवायचं आणि पहिल्या पाण्यात गंजू द्यायचं? दोन हात दिलेत. प्रायमर धरून तीन. तुमचं बरं आहे, खुर्चीत बसून चौकोन काढायचे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं!

सून: तीन थर. म्हणजे बोल्टाने लोखंड धरलंच नाही. रंग धरला.

सासरे: धरलं ना पण?

सून: चाळीस किलोमीटर धरलं. बाबा, तुम्ही पुस्तकांची आडवी चळत दोन्ही तळहातांत दाबून उचलता ना? मधल्या पुस्तकांना कुणी खिळा मारलेला नसतो. नुसत्या दाबावर राहतात. बोल्टाचं काम तेच. तो अडवत नाही, आवळून धरतो. आता त्या चळतीत मधेच तीन लोण्याचे थर घातले तर? हादऱ्या-हादऱ्याने रंग चेपतो. चेपला की बोल्टाचा ताण जातो. ताण गेला की पाया चेसिसवर घसरायला लागतो, इकडे सूतभर, तिकडे सूतभर. आणि असा घसरायला लागला की नट आपोआप उलटा चालतो. कुणाला पाना लावावा लागत नाही.

सासरे: मी वाजवले होते गं.

सून: मी फोन लावते.

सासरे: आणि एवढं होतं तर सकाळी का नाही बोललीस? तपासणीच्या कागदावर सही तुझी आहे. माझी नाही.

सून: माझीच आहे.

सासरे: फोटो बघून केलीस ना? खाली आली नाहीस.

सून: नाही आले. साडेसातला तुम्ही फोटो पाठवलेत, बारा रेघा सरळ दिसल्या, मी सही केली. खाली आले असते तर तुम्ही म्हणाला असतात, सून माझ्या मागून माझंच काम तपासते. गेल्या महिन्यात क्रेनच्या वेळी चार दिवस जेवताना बोलला नव्हतात. मला पुन्हा ते नको होतं. म्हणून आले नाही. झालं समाधान?

सासरे: …लाव फोन. लागला का?

सून: वाजतोय. उचलत नाहीत.

सासरे: गाडी चालवताना तो उचलत नाही. मीच सवय लावलीय. कुठे असेल आता?

सून: अकरा-वीस. घाटाच्या माथ्यावर वजनकाटा आहे ना, तिथे रांग असेल तर तिथेच. नसेल तर उताराला लागले असतील.

सासरे: तिथून पुढे किती वळणं आहेत माहितीय?

सून: माहितीय. पुन्हा लावते. उचला हो भावोजी, उचला…

सासरे: उताराला ब्रेक मारला की…

सून: गाडी थांबेल. मागचे पाच टन थांबणार नाहीत. ते पुढे येणार. आणि पुढे फक्त केबिन आहे.

सासरे: बोलू नकोस असं.

सून: लागला! हॅलो? भावोजी?

दीर: बोला वहिनी! काय राहिलं? डबा घेतला, कागद घेतले, बाबांच्या शिव्यापण घेतल्या.

सून: कुठे आहात तुम्ही?

दीर: घाटात. काट्यावर आज कुत्रं नव्हतं, सुसाट निघालो. दोन वळणं झाली. फोन डॅशवर ठेवलाय, हात मोकळे आहेत, घाबरू नका. सारखा वाजायला लागला म्हणून उचलला. घरी सगळं ठीक ना?

सून: घरी ठीक आहे. नीट ऐका. गाडी थांबवायची आहे. पण जोरात ब्रेक मारायचा नाही. अजिबात नाही.

दीर: म्हणजे जेव, पण तोंड उघडू नकोस?

सून: थट्टा नको. जनरेटरचे बोल्ट सुटलेत. बहुतेक सुटलेत. डिझेल टाकीच्या बाजूचे.

दीर: …आता?

सासरे: काय म्हणाला तो?

सून: स्पीकरवर टाकते. भावोजी, बाबा इथेच आहेत.

सासरे: कितव्या गिअरमध्ये आहेस?

दीर: तिसऱ्या.

सासरे: कितव्या?

सून: तिसऱ्या म्हणाले, बाबा.

सासरे: तिसऱ्यातच राहा. खाली टाकायला जाऊ नकोस, मधे गाडी मोकळी होईल. क्लचला पाय लावू नकोस. एक्झॉस्ट ब्रेक लाव आणि इंजिनावर धर. वेग किती?

दीर: तीस. बत्तीस.

सून: तीस-बत्तीस.

सासरे: पायाच्या ब्रेकला नुसतं शिवायचं. शिवायचं आणि सोडायचं. दाबून ठेवायचं नाही. पंचवीसवर आण.

दीर: मागे बस आहे. हॉर्न मारतेय नुसती.

सासरे: मारू दे. तिला काही होत नाही. कुठलं वळण येतंय?

दीर: उजवं. तिसरं.

सून: रुंद घ्या भावोजी. हळू. तुमच्या डाव्या अंगाचे बोल्ट चांगले आहेत, पण एकट्याने किती धरणार.

दीर: बोलू नका जरा. वळण घेऊ दे… झालं. घेतलं. वहिनी, मागून आवाज आला. खर्रकन. मला वाटलं टाकीचं झाकण.

सासरे: काय आवाज म्हणाला?

सून: खर्रकन म्हणाले. काहीतरी घासलं. भावोजी, थांबायला जागा कुठे आहे?

दीर: चौथ्या वळणाच्या आधी. रेडिएटरला पाणी घालायला गाड्या थांबतात ना, कठड्याला लागून. दगडी हौद आहे.

सासरे: आहे, आहे. सपाट आहे तिथे, जरा चढच आहे आतल्या बाजूला. चढावर गाडी आपली आपण मरते. ब्रेक लागत नाही. ऐक माझं, आतापासून डावीकडे धर. किती लांब?

दीर: दिसतोय हौद.

सासरे: वेग?

दीर: वीस.

सून: वीस.

सासरे: शीव. सोड. शीव. सोड. घाई करू नकोस रे राजा. आपल्याला कुठे जायचंय.

दीर: वळवतोय आत. चढ लागला. दहा. पाच… थांबली. थांबली, बाबा.

सासरे: हुश्श!

दीर: हँडब्रेक लावला. घाम फुटलाय मला. पाणी पितो आधी घोटभर. बाप रे!

सून: काय झालं?

दीर: पाठीमागे धप्प झालं. केबिन हलली. वहिनी, तो सरकला बहुतेक…

सून: उतर! केबिनमधून खाली उतर आधी! पाणी गेलं खड्ड्यात, फोन घे आणि उतर! ऐकतोयस का?

दीर: उतरतोय, उतरतोय!

सून: केबिन आणि जनरेटरच्या मधे उभा राहू नकोस. बाजूला हो. झालास?

दीर: झालो. कठड्याला टेकलोय.

सून: टेकून राहा दोन मिनिटं.

दीर: वहिनी.

सून: काय?

दीर: लग्नाला पाच वर्षं झाली तुमच्या. आज पहिल्यांदा अरे-तुरे केलंत.

सून: आधी जिवंत घरी ये, मग अहो-जाहो करते.

सासरे: चाकाला दगड लाव म्हणावं. चारही.

सून: ऐकलंस?

दीर: लावतो. हे लागले दोन… तीन… चार. आता हलत नाही. बसवाला थांबलाय, विचारतोय काय झालं. जा बाबा, जा, ठीक आहे!

सून: आता एक काम कर. गाडीखाली शिरायचं नाही, वर चढायचं नाही. बाजूने हात पोहोचतो ना बोल्टांपर्यंत? हातोडी आहे का?

दीर: चाकाचा पाना आहे.

सून: चालेल. फोन जवळ धर आणि एकेका नटावर एकेक ठोका दे. नंबर सांगून. पहिल्यापासून.

सासरे: हलक्या हाताने. नटाच्या कडेवर, मधोमध नाही. पाना सैल धर, नाहीतर हाताचाच आवाज येईल.

दीर: एक.

सून: ठीक.

दीर: दोन. तीन.

सून: हं. खणखण येतोय. पुढे.

दीर: चार… पाच… सहा. ही बाजू संपली. टाकीकडे जातो.

सासरे: बघ. मी म्हटलं नव्हतं?

सून: थांबा, बाबा.

दीर: सात.

सून: पुन्हा.

दीर: सात.

सून: हा वेगळा आहे. ठप्प आला. कुजक्या फळीवर मारल्यासारखा. बाबा, ऐकलंत?

सासरे: ऐकलं.

सून: बदललाय ना?

सासरे: पुन्हा मार म्हणावं.

दीर: सात. मारला.

सासरे: …सहा मार.

दीर: परत तिकडे जाऊ? बरं. सहा.

सासरे: आता सात.

दीर: सात.

सून: बाबा?

सासरे: सारखेच आहेत.

सून: सारखे? अहो, फोनवरूनसुद्धा कळतंय! सहा टणटणतोय आणि सात…

सासरे: मला सारखेच येतात ऐकू. सगळे सारखे येतात. ठक. ठक. ठक.

दीर: वहिनी, काय म्हणतायत बाबा? आवाज येत नाही.

सून: काही नाही. तू नट बोटाने फिरव. सात नंबरचा.

दीर: बोटाने कसा फिरेल? टॉर्कच्या पान्याने चारशे न्यूटन-मीटरवर आवळलेला… फिरला. वहिनी, फिरला हा. बाटलीच्या बुचासारखा.

सून: आठ?

दीर: हाही फिरतोय. थोडा जड आहे.

सून: नऊ?

दीर: नऊ… नऊला नटच नाही.

सासरे: काय नाही?

सून: नट नाही, बाबा. नऊला.

दीर: बोल्ट नुसता भोकात लोंबतोय. आणि चेसिसवर पिवळी रेघ आहे. अर्धीच आहे. पुढची अर्धी नटाबरोबर गेली.

सासरे: खाली बसतो मी जरा.

सून: बसा. ही घ्या, खुर्ची. भावोजी, दहा, अकरा, बारा?

दीर: दहा ढिला. अकरा आणि बारा आहेत, वाजतायतही. वहिनी, पाया पुढे सरकलाय. रंगावर घासल्याची खूण आहे, बोटभर. केबिनला टेकायला चार बोटं राहिलीत.

सून: लांब हो तिथून. कठड्यापाशी जाऊन बस. आम्ही येतोय. कुणी काही म्हणालं तरी गाडी हलवायची नाही.

दीर: हॉस्पिटलवाल्यांचे दोन फोन येऊन गेलेत. बारा वाजता क्रेन उभी करणार आहेत उतरवायला.

सून: त्यांचा जुना जनरेटर चालू आहे अजून. मी बोलते त्यांच्याशी. ओरडतील, ओरडू देत.

दीर: बरं. वहिनी, एक विचारू? चौथ्या वळणानंतर जो सरळ उतार आहे, तिथे मी नेहमी दाबून ब्रेक मारतो. तुम्हाला माहितीय ना?

सून: माहितीय.

दीर: बरं. ठेवतो.

सासरे: ठेवला का त्याने?

सून: हो.

सासरे: काय म्हणाला शेवटी?

सून: काही नाही. कधीपासून आहे हे, बाबा?

सासरे: दोन वर्षं झाली असतील. तुझं बोलणं कळतं. गाडीचा हॉर्न येतो, माणसं भांडतात ती येतात. तो एक बारीक आवाज असतो ना, ठोक्याच्या मागून येणारा, तारेसारखा लांबत जाणारा. तो गेला. आधी वाटलं, बोल्ट हल्ली वाईट येतात. कंपनी बदलायला लावली मी, आठवतं? मग एकदा पितळी घंटा वाजवून बघितली. तीही तशीच. ठक.

सून: सांगायचं होतं.

सासरे: कुणाला? चाळीस वर्षं लोक म्हणतायत, बोल्ट मिस्त्रीच्या कानाखालून गेला की झोपा खुशाल. माझं सगळं काय ते या कानात होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. रोज हातोडी मारायचो, मान डोलवायचो. कुणी विचारायचं नाही. तूही नाही.

सून: मी तुमच्याकडे बघून सही करत होते.

सासरे: आणि काल त्या तुटक्या रेघा दिसल्या तेव्हा शंका आली होती. खरं सांगतो. वाजवलं, तर सगळे सारखे. मनात म्हटलं, सारखे म्हणजे चांगलेच. स्वतःलाच फसवलं. आणि रंग मारून टाकला, म्हणजे सकाळी मलाच पुन्हा दिसू नयेत. मी पोराला मारलं असतं आज. माझ्या पोराला.

सून: दोघांनी मिळून मारलं असतं. सही माझी आहे.

सासरे: रागाव माझ्यावर. असं समजुतीचं बोलू नकोस.

सून: राग आलाच आहे. तुमचाही राग येतोय आणि माझाही. घरी गेल्यावर भांडू, कडाकडा भांडू, जेवताना भांडू. पण तो तिकडे कठड्यावर एकटा बसलाय. आधी उठा.

सासरे: मी येऊन काय करू? तुझ्याबरोबर चांगल्या कानाचा माणूस ने.

सून: ठोका कसा द्यायचा ते आत्ता फोनवरून कुणी सांगितलं? नटाच्या कडेवर, पाना सैल धरून? मला हे माहीत नव्हतं. त्या जागेला चढ आहे हेही तुम्हीच सांगितलंत. मला फक्त ब्रेक मारू नका एवढंच सांगता आलं असतं. आणि मग गाडी थांबली कशी असती?

सासरे: …काय काय घ्यायचं?

सून: नवे बोल्ट बारा, जाड वॉशर, टॉर्कचा पाना. साखळ्या आणि ताणायचे पट्टे. आधी साखळ्यांनी जनरेटर जिथे आहे तिथेच जखडायचा. मग बाराही बोल्ट नवे घालायचे, जुना एकही परत नाही, चांगला वाजला तो सुद्धा नाही. तेवढ्यावर माणूस चालतो तशी गाडी वर काट्याच्या मैदानात न्यायची. तिथे क्रेन बोलावून जनरेटर उचलायचा आणि पायाखालचा रंग खरवडायचा.

सासरे: खरवडायचं काम माझं.

सून: लखलखीत लोखंड लागेपर्यंत.

सासरे: लागेपर्यंत. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. तीन हात मीच दिलेत.

सून: गंजाचं काय, म्हणाला होतात.

सासरे: बाहेरून कडेला भरू काहीतरी. पाणी आत जायला नको, एवढंच ना? सुचेल मला. आणि ऐक, हातोडी घेतो मी.

सून: बाबा…

सासरे: ऐकून तर घे. हातोडी मी मारीन. ठोका कुठे द्यायचा, किती जोराने द्यायचा, ते हातात आहे अजून. ऐकायचं तू.

सून: आणि मला नाही कळलं तर?

सासरे: सहा आणि सातातला फरक फोनवरून कळला तुला. मला तीस वर्षांपूर्वीसुद्धा फोनवरून कळला नसता. तुझा नवरा या वर्कशॉपात वाढला, त्याला कधी कळलं नाही. कळेल. शिकवीन मी. आवाज कसा असतो ते आठवतंय मला.

सून: चला मग. साखळ्या गाडीत चढवायला सांगते वर्कशॉपच्या पोरांना. काही राहिलं का?

सासरे: तुझी ती नेलपॉलिशची पिवळी बाटली.